फाटकाबाहेर चढवायची नाल

मित्रांनो, मी एक जुनी नाल आहे. घोड्याची नव्हे, माणसाची. बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटावर चढवतात ना, ती. काळ्या रबराची जाळी आणि तळव्याला दहा बारीक खिळे, एवढंच माझं शरीर. आणि आधीच सांगून ठेवते, तुमच्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. गोष्ट ऐकायला आलात की मला कचऱ्यात टाकायला आलात, ते शेवटी कळेलच.

आम्ही जोडीनं जन्मलो. मी उजव्या पायाची, माझी बहीण डाव्या पायाची. ती स्वभावानं गरीब. कुणीही काहीही सांगावं, तिला खरं वाटतं. कारखान्यात साच्यातून काढल्यावर एका बाईनं आम्हाला दोन्ही हातांनी असं ताणलं की माझा जीव कंठाशी आला. बहीण म्हणाली, "आपली मजबुती बघतेय." मी म्हटलं, मजबुती कसली, सूड उगवतेय मेली! मग आम्हाला खोक्यात घातलं. खोक्यावर छापलं होतं, 'सगळ्यांना बसते'. आता तुम्हीच सांगा, सगळ्यांना बसणारी वस्तू जगात असते का? पहिल्या दिवसापासून माझ्या अंगावर खोटं लिहिलेलं होतं. मग मी संशयी होऊ नको तर काय करू?

दूर उत्तरेकडच्या बर्फाळ देशातल्या कायानी गावात नदीकाठच्या एका दुकानात आम्हाला खुंटीला लटकवलं. नोव्हेंबर लागला होता. एक दिवस हेल्वी आली. सहासष्ट वर्षांची, काटकुळी, डोक्यावर निळी लोकरी टोपी. दारातच तिनं मागे वळून रस्त्यावर पाहिलं, आपल्याला कुणी पाहिलं का म्हणून. मी लगेच कान टवकारले. खरेदीला आलेलं माणूस मागे वळून कशाला पाहील?

दुकानातली मुलगी मात्र कामाची होती. ती म्हणाली, "आधी सांगा, चालणार कुठे?"

"रस्त्यावर. नदीकाठच्या वाटेनं. अडीच किलोमीटर जायचं, अडीच यायचं."

"चालतच ना?"

हेल्वीनं आवाज खाली आणला. "थोडं पळत. जमेल तसं."

"या वयात?"

"या वयातच घाई जास्त असते, पोरी."

मुलगी हसली. तिनं खुंटीवरच्या एकेकीची हजेरी घ्यायला सुरुवात केली. "मग ही तारेच्या वेटोळ्यांची नको. दाबलेल्या बर्फावर ठीक, पण नितळ बर्फावर हिचा भरवसा नाही. पळताना तार तुटतेसुद्धा. ही मोठ्या दातांची, साखळीवाली, जंगलात चढ-उताराला छान. रस्त्यावर घालाल तर खडावा घालून पळल्यासारखं होईल. ही नुसत्या टाचेची, चढवायला सोपी. पण पळताना सगळा जोर चवड्यावर येतो, आणि तिथे हिचं काहीच नाही." मग तिनं माझ्या शेजारची, माझ्याच जातीची पण थोडी मोठी जोडी खाली काढली. "ही बघा. पुढे सहा खिळे, मागे चार. बारीक, पण कडक. तुमचा बूट आणलाय ना? त्यावरच चढवून बघा. आणि हातमोजे काढू नका हं. बाहेर थंडीत बोटं उघडी टाकणार आहात का?"

हेल्वीचं डावं मनगट नीट वळत नव्हतं. तिनं त्यातली एक नाल एका हातानं ओढायचा प्रयत्न केला आणि ती सुटून तिच्या नडगीवर बसली. मुलीनं टाचेमागचा मोठा कान दाखवला. "चवड्याला आधी अडकवा, मग हा कान धरून टाचेवर ओढा. हं, बसली! सैल वाटतेय का? मग एक नंबर लहान देते. सैल घेतलीत तर वाटेत निसटेल आणि तुम्हाला कळणारही नाही."

लहान नंबरची जोडी म्हणजे आम्हीच. आम्ही घट्ट बसलो. खोक्यावरचं खोटं त्या दिवशी उघडं पडलं, ते एक बरं झालं.

पैसे देण्याआधी हेल्वीनं दोनच प्रश्न विचारले. "हिचा आवाज होतो का?" आणि "पिशवीत किती जागा लागते?" बस्स. मला कळून चुकलं. ही बाई मला घालायला नाही, लपवायला नेतेय.

आणि तसंच झालं. घरी पोचताच तिनं आम्हाला गच्चीच्या कोपऱ्यात, आंबट लाल बेरींच्या बादलीमागे ढकललं. गच्ची पहिल्या मजल्यावर होती. कठड्याच्या फटीतून मला खालचं सगळं अंगण दिसायचं. अंगणापलीकडे फाटक, आणि फाटकाबाहेर बसथांब्याचा बाक. त्या अंगणात दिवसभर एक माणूस बादली घेऊन फिरायचा. तो हेल्वीचा नवरा, ताउनो. तीस वर्षं त्या दोन इमारतींची देखभाल त्याच्याकडे होती. बर्फ पडला की हा सगळ्यांच्या आधी उठून तो बाजूला सारणार, मग वर दगडाची बारीक कच पेरणार. कच पेरायची त्याची एक पद्धत होती. हात कोपरातून वळवायचा, आणि कच अशी सारखी पसरायची की मलासुद्धा नावं ठेवता आली नाहीत. मी प्रयत्न केला होता.

तर या ताउनोला एक गोष्ट अजिबात खपायची नाही. त्याच्या अंगणात कुणी नाल घालून आलं, की त्याच्या वर्मी लागायचं. तिसऱ्या मजल्यावरची केर्तू म्हणजे तोंडाची फटकळ विधवा. ती एकदा टकटक करत खाली आली.

"काय हो केर्तूबाई," ताउनो म्हणाला, "माझ्या कचीवर भरवसा राहिला नाही वाटतं?"

"तुमच्या कचीवर आहे हो. देवाच्या पावसावर नाही."

"तीस वर्षांत या अंगणात एक माणूस पडलेलं नाही!"

"मग मीच पहिली कशाला होऊ?" असं म्हणून ती टकटक करत निघून गेली. ताउनो हसला, पण नंतर बराच वेळ तिच्या खिळ्यांच्या खुणांवर कच टाकत राहिला. हेल्वी गच्चीत उभी राहून हे बघत होती. तिनं दुसऱ्या हातानं डावं मनगट दाबून धरलं होतं.

त्या मनगटाची हकिगत मला चार दिवसांनी कळली. हेल्वीची थोरली बहीण इल्ता गावाच्या दुसऱ्या टोकाला सेवागृहात होती. तिची आठवण गेली होती. नावं गेली, माणसं गेली, भूकसुद्धा गेली. अकरा वाजता जेवण यायचं, आणि चमचा हेल्वीच्या हातात असला तरच इल्ता तोंड उघडायची. दुसरं कुणीही असलं की ओठ घट्ट. म्हणून हेल्वीला रोज जावं लागायचं. सकाळची बस फार लवकर, पुढची फार उशिरा. मग ही पळत जायची.

इल्ताला भरवताना हेल्वी तिच्याशी बोलायची. इल्ताला सांगितलेलं कुठेच जात नाही ना, म्हणून सगळं मोकळेपणानं बोलायची. "इल्ता, गेल्या वर्षी मी बाजारात पडले म्हणून सांगितलं ना, ते खोटं होतं गं. मी आमच्याच अंगणात पडले. कचऱ्याच्या शेडपाशी, उतारावर. ताउनोला कसं सांगू? तीस वर्षांचा त्याचा अभिमान, आणि पडली कोण, तर त्याचीच बायको! सोसायटीच्या बैठकीत त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती." इल्ता चमच्याकडे बघत होती. "माझा हात प्लास्टरमध्ये असताना सहा आठवडे मी आले नाही, आणि तू अशी सुकून गेलीस. यंदा मी पडले तर तुझं काय होईल, सांग ना."

परिचारिकेनं तर स्पष्टच सांगितलं होतं, "पुन्हा असा खंड पडला तर ती निभावणार नाही."

म्हणजे बघा मित्रांनो, एका म्हातारीचा घास माझ्या खिळ्यांवर टांगलेला होता. ऐकून मला घाम फुटला, रबराला फुटेल तेवढा.

आणि तरीही ही बाई काय करायची? आम्हाला पिशवीत घालून घराबाहेर पडायची. अंगणात, जिथे पडून तिचा हात मोडला होता त्याच अंगणात, बिनखिळ्यांच्या बुटानं, भिंत धरून, पाऊल पाऊल मोजत चालायची. फाटकाबाहेर बसथांब्याच्या बाकावर बसून आम्हाला चढवायची. येताना तिथेच उतरवायची. मी पिशवीत आतल्या आत ओरडायचे, अगं इथे घाल, इथे! पण नालेचं कोण ऐकतं?

बाकापासून पुढे मात्र आमचं राज्य. चवड्याचे सहा खिळे कचकन बर्फात रुतायचे आणि हेल्वीच्या खांद्यातला ताण सुटायचा. तीस वर्षं पळालेली बाई ती. नदीकाठच्या वाटेवर तिचा श्वास तालात यायचा. लोक म्हणायचे, "हेल्वी, कोण लागलंय मागे?" ती म्हणायची, "अकरा वाजत आलेत!" तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटायचा. हे मी उघडपणे कबूल करते. नाहीतर स्वतःबद्दलही माझं मत फारसं बरं नाही.

पहिल्या दिवशी मात्र मी तिला जवळजवळ पाडलंच. सेवागृहाच्या दारातून ती तशीच आत शिरली. आत गुळगुळीत दगडी फरशी. बर्फात आमचे खिळे रुततात, दगडात कुठे रुतणार? हेल्वीचा पाय सर्रकन पुढे गेला. तिनं दाराची कडी धरली म्हणून वाचली. परिचारिका धावत आली. "आधी नाल काढायची! ही फरशी तुमच्या नालेला बर्फाहून वाईट." तेव्हापासून ती दारातच बसून आम्हाला उतरवू लागली. एकदा तिनं आम्हाला सुकायला तापलेल्या हीटरवर ठेवलं. दोन तासांत माझ्या रबराला टाचेपाशी बारीक चीर पडली. माझ्या बहिणीला ऊब आवडली म्हणे. मूर्ख आहे ती.

आता खऱ्या भानगडीकडे येते. ताउनोची चाल मला पहिल्यापासून ठीक वाटत नव्हती. रोज सकाळी तो लापशीवर घालायला बेरी काढायला गच्चीत यायचा. आम्ही श्वास रोखून बादलीमागे. एक दिवस त्यानं बादली उचलली. माझ्याकडे पाहिलं की नाही, देव जाणे. त्यानं बादली परत ठेवली ती आधीपेक्षा चार बोटं पुढे, की आम्ही पूर्ण झाकल्या गेलो. बहीण म्हणाली, "थंडी लागू नये म्हणून." मी म्हटलं, गप्प बस. पुरावा जपून ठेवतोय तो.

मग एका दुपारी तो फाटकाबाहेर गेला. बाकापाशी गुडघ्यावर बसून बर्फाकडे बघत राहिला. मित्रांनो, आम्ही चाललो की बर्फावर ठिपके उमटतात, पुढे सहा, मागे चार. तो बोटानं ते ठिपके मोजत होता! उठून वाटेनं पुढे गेला, पुन्हा वाकला. जिथे ठिपके दूर दूर होते तिथून तो सरळ पुढे जायचा. जिथे ठिपके एकमेकांजवळ आले होते तिथे थांबून मान हलवायचा. अगदी पोलिसासारखा. माझं तर रबर थंड पडलं.

दुसऱ्या दिवशी त्याच जागांवर कच पडलेली! फाटकाबाहेरची वाट नगरपालिकेची. तिथे एक खडा टाकायचा त्याला अधिकार नव्हता, आणि कचीच्या बाबतीत तर हा भलता काटेकोर. मग का टाकली? मला उत्तर लगेच सापडलं. कचीवर चाललं की आमचे खिळे झिजतात. हा मला हळूहळू बोथट करून मारणार होता. घरात ब्र काढायचा नाही, आणि बाहेर माझी मुळं उपटायची! अंगणात भिंतीकडेनं तर त्यानं कचीचा जाड पट्टाच ओढला. हेल्वी भिंत धरून जाते हे त्याला कळलं होतं म्हणजे. जेवताना दोघं समोरासमोर बसायचे. तो म्हणायचा, "बाहेर घसरडं आहे." ती म्हणायची, "हो का?" संपलं बोलणं. चाळीस वर्षांचा संसार आणि बोलणं एवढंच.

जानेवारीच्या शेवटी एकदम उबदार वारा सुटला, बर्फ वितळला, वर पाऊस पडला आणि पहाटे पुन्हा सगळं गोठलं. साडेदहाला हेल्वी पिशवी घेऊन जिन्याच्या दारात आली आणि तिथेच थबकली. सगळं अंगण काचेसारखं चकाकत होतं आणि त्या काचेवर नव्या पावसाच्या पाण्याचा थर. ताउनोनं पहाटेपासून कच टाकली होती, पण पाण्यानं ती वाहवून उतारावर नेली होती. भिंतीकडेचा पट्टाही गेला होता. ताउनो अंगणाच्या मधोमध बादली घेऊन उभा होता. नुसता उभा. मला वाटलं, हा आपल्याला अडवायला उभा आहे.

हेल्वीनं एक पाऊल टाकलं. पाय सरकला. ती दाराला धरून परत आली. घड्याळात दहा पस्तीस. मी पिशवीतून तिच्या मांडीत खिळे रुतवले. घाल ना गं बाई! तिचे डोळे भरून आले. ती स्वतःशीच म्हणाली, "इल्ता तोंड मिटून बसेल."

तेवढ्यात ताउनो ओरडला, "हेल्वी! पिशवीतलं काढ आणि घाल!"

"पिशवीत काय आहे?" ती म्हणाली. आवाज चोरासारखा.

"बादलीमागचं! बेरी रोज मीच खातो ना?"

हेल्वी मटकन पायरीवर बसली. तिनं आम्हाला बाहेर काढलं. घाईत टाचेचा कान दोनदा सुटला. मग ती उठली आणि सरळ अंगणात शिरली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या अंगणाला टेकले. कच, कच, कच. एक पाऊल घसरलं नाही. ती फाटकाकडे न जाता ताउनोकडे गेली.

"चल बाजूला हो, मला उशीर होतोय," ती म्हणाली.

"होता येत नाही."

"काय?"

"दहा मिनिटं झाली. हलता येत नाहीये मला."

तेव्हा कुठे मला कळलं. तो अडवायला उभा नव्हता, अडकला होता. तीस वर्षं अंगण सांभाळणारा माणूस स्वतःच्याच अंगणात खांबासारखा उभा, कारण पाय उचलला की पडणार. तिसऱ्या मजल्यावरून केर्तूचा आवाज आला, "काय हो, आता कुणावर भरवसा आहे?"

"गप बसा हो!" ताउनो वर न बघता ओरडला. हेल्वीनं त्याचा दंड धरला. मी सगळे दहा खिळे रुतवले, बहिणीनंही. त्या दिवशी तिनं चांगलं काम केलं, हे मान्य आहे. दोघं इंच इंच करत भिंतीपाशी आले.

भिंतीला टेकल्यावर ताउनो म्हणाला, "गेल्या वर्षी तू बाजारात पडली नव्हतीस."

हेल्वीनं डावं मनगट पाठीमागे लपवलं.

"तुझी टोपी शेडपाशी पडली होती. मीच आणून खुंटीला लावली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून." मग तो म्हणाला, "वाटेवर जिथे जिथे तुझी पावलं आखूड होतात ना, तिथे तू घाबरतेस. तेवढं मला ठिपक्यांवरून कळायचं. तेवढंच करता येत होतं."

हेल्वी रडली. रडता रडता त्याच्या छातीवर एक बुक्की मारली, उजव्या हातानं. "मूर्खा! मी हिवाळाभर भिंत धरून चालले, तुझ्यासाठी!"

"मला माहितीये. जा आता. इल्ता वाट बघतेय."

आम्ही पळालो. तशी धाव मी पुन्हा कधी धावले नाही. अकराच्या ठोक्याला हेल्वीनं दारात बसून आम्हाला उतरवलं. इल्तासमोर ताट आलेलं होतं आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. हेल्वीनं चमचा उचलला. इल्तानं तोंड उघडलं.

माझं काय? मी मात्र पिशवीत पडल्या पडल्या मनातल्या मनात शरमेनं मेले होते. ज्या कचीला मी विष समजत होते, ती त्या माणसाची माया होती. बहिणीनं 'मी म्हटलं नव्हतं का?' असा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या दारावर एक कागद लागला होता. ताउनोच्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात. 'या अंगणात नाल घालूनच यावे. येथे माझी बायको पडली होती. ताउनो, देखभाल.' तो कागद चिकटवायला त्याला फार वेळ लागला. येणारे-जाणारे वाचत होते आणि तो त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

आता माझे चार खिळे पडलेत आणि टाचेची चीर वाढलीय. मित्रांनो, नाल घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा बूट घेऊन जा, कुठे चालणार ते आधी सांगा. आम्हाला हीटरवर ठेवू नका, दगडी फरशीवर नेऊ नका. आणि घरातलं कुणी पिशवी लपवून बाहेर पडत असेल, तर त्याच्या पावलांच्या खुणा मोजत बसू नका. सरळ विचारा, "कुठे पडलीस गं?" ताउनोला ते बोलायला एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षातल्या बर्फाच्या दिवसांत हेल्वी रोज त्या अंगणातून बिननालेची गेली.